खिडकीकडची रांग

सिस्टर,

परवा तुम्हाला शेवटची आंघोळ घातली ती मी. तुमच्या सूनबाई मोरीच्या दारात ओढणी नाकाला लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला सवय आहे ना. तुम्हीच घाला." सवय आहे. तुम्हाला डाव्या कुशीवर वळवलं तेव्हा कमरेखाली मोठी चौकोनी पट्टी दिसली, चारी बाजूंनी चिकटवून घट्ट बसवलेली. सूनबाई म्हणाल्या, "ती राहू द्या." मी राहू दिली नाही. त्यांना उलट काही बोलले नाही, पण हातांनी पट्टी काढली. खाली माझी मूठ बसेल एवढी जखम होती. तळाशी पांढरं दिसत होतं. ते काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या पाठीला, सिस्टर. लातूरच्या सगळ्या दवाखान्यांत ज्या एका बाईला पाठ म्हणजे काय ते कळत होतं, तिच्या पाठीला.

बाहेर हॉलमध्ये लोक म्हणत होते, "शांतपणे गेल्या. मुलगाच डॉक्टर, काही कमी पडू दिलं नाही."

काल प्रशांतदादांचा फोन आला. रविवारी त्यांच्या नांदेडच्या हॉस्पिटलात तुमची शोकसभा आहे. लातूरहून आपले हाडांचे मोठे साहेब येणार आहेत, या वयात, गाडी करून. "मावशी, भूकंपाच्या वेळची आईची वही तुमच्याकडं आहे ना?" मी म्हटलं, "हाय." "ती घेऊन या. साहेब त्यावर बोलणार आहेत. नंतर आपण ती काचेच्या पेटीत ठेवणार, नवीन नर्सेसना दाखवायला." मी म्हटलं, "बरं."

जन्मभर मी "बरं" म्हणत आले. आता वही समोर आहे आणि रविवारच्या आत मला ठरवायचं आहे की ती द्यायची का, आणि द्यायची तर जशी आहे तशी द्यायची का. तुमच्यासमोर मला कधी सलग चार वाक्यं बोलता आली नाहीत. लिहिता येतं. तेही तुम्हीच शिकवलं, नाहीतर चौथी पास बाईला सही करण्यापलीकडं काय येतं.

तुम्हाला आठवत असेल, भूकंपाआधी मला त्या ट्रस्टच्या दवाखान्यात लागून वर्षही झालं नव्हतं. कंधारकडची सून, लातुरात कुणी ओळखीचं नाही, वॉर्डात खाली मान घालून फरशी पुसायची. मग त्या पहाटे गावंच्या गावं बसली आणि आपला बायकांचा वॉर्ड मोडलेल्या कमरांनी भरला. वीस खाटांच्या दोन रांगा, एक खिडकीकडची, एक भिंतीकडची, बाकीच्या व्हरांड्यात गाद्यांवर. कमरेखाली जीव नसलेल्या बायका. त्यांना चिमटा काढला तरी कळायचं नाही आणि घरातलं कोण गेलं ते विचारायचं धाडस आपल्याला व्हायचं नाही.

तेव्हाची रीत अशी होती की सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीच्या पाठीला स्पिरिट चोळायचं आणि वरून पावडर लावायची. तुमच्या नर्सिंगच्या पुस्तकात तेच होतं. आम्हा आयाबायांना ते काम आवडायचं. चोळलं की बाई आशीर्वाद देते, नातेवाईक बघतात, वॉर्डात वास छान येतो. कूस बदलायचं काम मात्र कुणाला नको. दोन बायका लागतात, पेशंट ओरडतो आणि केलेलं कुणाला दिसत नाही. म्हणून सगळ्याजणी चोळत होत्या, आणि पाठी उघडत होत्या. त्याचं कारण मात्र प्रत्येकाकडं तयार होतं. हाडांचे मोठे साहेब म्हणायचे, "या बायकांच्या अंगात रक्तच नाही." सिस्टर लोक म्हणायच्या की आया नीट जोर लावत नाहीत. आया म्हणायच्या गाद्या खराब. नातेवाईक म्हणायचे नशीब. पाठीवरून चादर उचलून दोन बायका शेजारी शेजारी ठेवून कुणी बघितलं नव्हतं.

भिंतीकडं कोपऱ्यात एक म्हातारी होती. तिच्या मागं कुणीच उरलं नव्हतं. बघायला कुणी नाही म्हणून चोळायलाही कुणी नाही. पुसताना तिची चादर ओढली जायची म्हणून मी येता-जाता तिला इकडून तिकडं वळवायचे, एवढंच. तिची पाठ लहान पोराच्या पाठीसारखी होती. हे मी आठ दिवस बघितलं आणि मग तुम्ही हात धूत होता तेव्हा म्हणाले,

"सिस्टर, एक बोलू का?"

"बोल की."

"त्या कोपऱ्यातल्या म्हातारीला कोणीच चोळत न्हाई. तिची पाठ चांगली हाय."

तुम्ही नळ बंद केला. "एका म्हातारीवरून काय ठरतं गं? उद्या म्हणशील ती तंबाखू खाती म्हणून पाठ चांगली."

"तंबाखू तर सगळ्याच खातात, सिस्टर."

तुम्ही हसलात. त्याच आठवड्यात परदेशातून मदतीला आलेल्या एका गोऱ्या नर्सबाईनं चोळताना माझा हात धरून "नो, नो" केलं होतं. का, ते तिला सांगता आलं नाही आणि आपल्याला विचारता आलं नाही. तुम्ही म्हणालात, "ती नको म्हणाली म्हणून सोडायचं नाही. तू म्हणतेस म्हणूनही नाही. आणि पुस्तकात आहे म्हणून चोळतही बसायचं नाही. बघायचं."

बघायचं. हा शब्द त्या दवाखान्यात किती दुर्मीळ होता ते मला नंतर कळलं.

तुम्ही लांबट दोनशे पानी वही आणली. खिडकीकडच्या रांगेला चोळायचं आणि दर दोन तासांनी कूस बदलायची. भिंतीकडच्या रांगेची नुसती कूस बदलायची. एक महिना. प्रत्येक बाईची एक ओळ, प्रत्येक दिवसाचे चौकोन. मला घड्याळ नीट कळत नव्हतं, तुम्ही शिकवलंत. डावी, उजवी, पालथी लिहायला शिकवलंत. आणि खूण करायला शिकवलंत: "केलं तर बरोबरची खूण. नाही झालं तर फुली. फुलीची लाज वाटून घ्यायची नाही, अनसा. खोट्या खुणेची वाटू दे."

वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही लिहिलं आहे, 'पहिल्यांदा लक्षात आलं: अनसाबाई, आया.' माझं नाव छापील किंवा लिहिलेलं मी तोवर फक्त रेशनकार्डावर पाहिलं होतं, तेही नवऱ्याच्या नावाखाली. ते पान मी कधी कुणाला दाखवलं नाही.

आता काशीबाई. तिच्यावरून आपण अखेरपर्यंत भांडलो, म्हणून तिच्याबद्दल पुन्हा लिहावंच लागतं.

खिडकीकडची तिसरी खाट. नवरा आणि दोन पोरी घराखाली गेल्या होत्या. सकाळी मी वॉर्डात शिरले की म्हणायची, "आलीस का बाई? पाठीवर हात फिरव. तेवढंच हाय आता." खाली तिला काही कळत नव्हतं, पण खांद्यांवर, मधल्या पाठीवर हात कळायचा. दुसऱ्या आठवड्यात तिच्या माकडहाडावर लाल चट्टा आला. बोटानं दाबला तरी लालीच राहायची. मी तुमच्याकडं आले.

"काशीबाईला भिंतीकडं घ्या, सिस्टर."

"महिना होऊ दे."

"पाठ लाल झाली तिची."

"लाल झाली ते लिही."

"मग वरवर खांद्यालाच चोळते, खाली न्हाई चोळत."

"रांगेतल्या सगळ्यांना जसं, तसंच तिला. मधूनच एकीला वेगळं केलं तर वहीला अर्थ राहत नाही."

तुमचा तो आवाज मला तेव्हा साहेबांच्या आवाजासारखा वाटला. खरं सांगते, त्या क्षणी मला तुमचा तिटकारा आला. एवढी शिकलेली बाई, आणि जिवंत माणसापेक्षा चौकोन मोठा. मग मी मला जमेल ते केलं. दोन दिवस काशीबाईला चोळलंच नाही आणि वहीत बरोबरची खूण केली. मला वाटलं, शहाणपणा केला. पण काशीबाईच तुम्हाला म्हणाली, "सिस्टर, दोन दिस झाले, अनसाबाईनं हात लावला न्हाई. माझ्यावर रागावली का बगा."

तुम्ही मला चादरींच्या खोलीत नेलं.

"खोटी खूण केलीस?"

"बाई मरंल, सिस्टर."

"मरेल म्हणूनच खरं लिहायचं ना! तू मला फुली दिली असतीस तर मी भांडले असते तुझ्याशी, पण मला कळलं असतं. आता मी कशावर विश्वास ठेवू? या ओळीवर? का बाकीच्या सगळ्या ओळींवरही नाही?"

तुम्ही रडत होता. मी तुम्हाला त्याआधी आणि नंतर कधी रडताना पाहिलं नाही. मग तुम्ही लाल पेन्सिलनं काशीबाईची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडली. ओळ बाद झाली, म्हणजे तिला खिडकीकडं ठेवायचं कारण उरलं नाही, म्हणून त्याच दुपारी तिला भिंतीकडं नेलं. माझ्या खोटेपणामुळं जे झालं ते माझ्या विनवणीमुळं झालं नव्हतं. पण तोवर चट्टा फुटला होता. पुढं ताप, पुढं अंगभर विष. ती गेली तेव्हा महिना पुरा व्हायला थोडे दिवस बाकी होते.

महिन्याअखेरी तुम्ही मोजलं. खिडकीकडच्या निम्म्याहून जास्त पाठी उघडल्या होत्या. भिंतीकडची एक. काशीबाई त्यात नव्हती. जी मेली तीच मोजली नाही.

किती वर्षं मी तुम्हाला म्हणत राहिले, "काशीबाईला लिहा." तुम्ही म्हणायच्या, "तिची ओळ बाद आहे." मी म्हणायचे, "ओळ बाद हाय, बाई न्हाई." आणि तुम्ही म्हणायच्या, "ओळ तू बाद केलीस." ते खरंच होतं. चोळणारे हात माझे, खोटी खूण माझी. तुमची फक्त वही. पण तुम्ही एकदा तरी म्हणायला हवं होतं की दुसऱ्या आठवड्यात तुमच्याही लक्षात आलं होतं. आलं होतं ना? तुम्ही तिच्या खाटेजवळून जाताना दुसरीकडं बघायला लागला होता. मी बघत होते. तुम्हीच शिकवलं होतं बघायला.

मग तुम्ही ती वही घेऊन साहेबांकडं गेलात आणि मी मागं ट्रे धरून उभी राहिले. साहेबांनी दोन पानं उलटली.

"हे काय सिस्टर, दुधाचा रतीब?"

आधी शिकाऊ डॉक्टर हसले, मग साहेब. "आयाबाईच्या खुणांवरून उपचार बदलायचे? उद्या वॉचमनला विचारून ऑपरेशन करू."

तुम्ही शांतपणे म्हणालात, "सर, चोळायला मीच सांगत होते. माझ्या वॉर्डात मीच बंद करते."

"करा. नातेवाईक ओरडत आले तर माझ्याकडं पाठवू नका."

आपल्या वॉर्डात चोळणं बंद झालं. तेवढंच. पुरुषांच्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "आम्हाला वरून ऑर्डर नाही." मेट्रन म्हणाल्या, "साहेबांनी लिहून दिलं तर." व्यायाम करून घेणारे सर तेवढे पहिल्या दिवशी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, माझ्या हाताला हे कधीचं कळतंय." पण कूस बदलायला हात लावा म्हटलं तर, "माझं काम सांधे, बाई." आणि आपल्या आयाबाया तर तुम्ही पाठ फिरवली की कनवटीला लावलेली पावडर काढायच्या. मी एकीला म्हटलं, "कामून चोळून राहिली गं, सिस्टरनं बंद केलंय ना?" ती म्हणाली, "तुला काय जातंय? पेशंटला बरं वाटतंय." हिला तरी का दोष देऊ? तिला कुणी का ते सांगितलंच नव्हतं. पण ज्यांना सांगितलं होतं त्यांनी काय दिवे लावले?

पुढं काही वर्षांनी साहेब पुण्याला कसल्याशा परिषदेला गेले आणि प्लास्टिकच्या फाइलीत छापील कागद घेऊन आले. सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. पडद्यावर चित्रं दाखवली. म्हणाले, "लाल झालेली पाठ चोळायची नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. हे आता सिद्ध झालेलं आहे." मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. तुम्ही दुसऱ्या रांगेत. मला वाटलं आता साहेब तुमच्याकडं बघतील. ते पडद्याकडं बघत होते. आणि तुम्ही काय केलंत? मान खाली घालून ते लिहून घेतलंत. जे तुम्ही खिडकीकडच्या आणि भिंतीकडच्या बायकांवरून स्वतः काढलं होतं, ते नवीन बातमीसारखं लिहून घेतलंत.

त्या दिवशी मी चहा देताना साहेबांच्या कपात साखर टाकली नाही. त्यांच्या लक्षात आलं नाही. छापील नसलेलं काही त्यांच्या लक्षात येत नसे.

"कामून लिहिलं?" मी तुम्हाला नंतर विचारलं.

"आपल्याकडं मूठभर बायका होत्या, अनसा. त्या पुण्याच्या परिषदेतल्या लोकांनी खूप जास्त बघितल्यात. आपलं खरं निघालं, अजून काय पाहिजे?"

"तुमचं नाव घेतलं न्हाई त्यांनी."

"पाठीला कुठं नाव लागतं?"

लोक याला तुमचा मोठेपणा म्हणतात. मला तो कधी पटला नाही. तुम्ही मोठेपणानं सोडून दिलं आणि ते लहान माणसांनी उचललं. दुसऱ्याच महिन्यात प्रत्येक वॉर्डात लाल रंगाची पाटी लागली, 'दर दोन तासांनी कूस बदला', आणि खाली साहेबांचं नाव, पदव्यांसकट. छापील तक्ते आले. सिस्टर लोक ड्यूटीवर आल्या आल्या रात्री आठपर्यंतचे सगळे चौकोन एका दमात भरून टाकायच्या, एकाच पेनानं, एकाच तिरप्या हातानं, आणि मग निवांत बसायच्या. तपासणीला माणसं आली. तक्ते बघितले, मान हलवली, काजू खाल्ले, गेली. चादर एकानंही उचलली नाही. तुमच्या वॉर्डात तेवढ्या फुल्या असायच्या, म्हणून शेरा तुम्हालाच मिळाला: 'कामात कुचराई.' तुम्ही तो शेरा मला वाचून दाखवलात आणि हसलात. मला हसू आलं नव्हतं.

तोवर आपल्या लातूरचं डोकं फिरलं होतं. गल्लीगल्लीत क्लास. नायगावची, मुदखेडची, देगलूरची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरायची. चौकाचौकांत पहिल्या आलेल्यांचे फोटो, आणि फोटोंना झेंडूचे हार. जिवंत पोरांच्या फोटोंना हार घालणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही. प्रशांतदादा त्यात होते. एकदा तुम्ही भाजी निवडत त्यांना विचारलंत, "हे असं का होतं रे?" ते पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "आई, का विचारलं की वेळ जातो. उत्तर क आहे." हे तुम्ही मला कौतुकानं सांगितलंत. मीही हसले. पोरगं हुशार आहे म्हणाले. सिस्टर, ज्या बाईनं "बघायचं" म्हटलं होतं, तिच्या घरात हे वाक्य बोललं गेलं आणि आपण दोघी शेंगा सोलत हसलो. त्याचं पुढं काय होणार ते आपल्याला कळायला पाहिजे होतं.

दादांचा नंबर आला, हार पडला, डॉक्टर झाले, नांदेडात काचेच्या दारांचं हॉस्पिटल झालं. तुम्ही रिटायर होऊन तिकडं जाताना वही माझ्या हातात दिलीत. "तिथं कपाटं भरलीत. तुझ्याकडं राहू दे." आपल्या दोघींनाही माहीत होतं की कपाटं भरलेली नव्हती.

तुम्हाला लकवा मारला ते कळलं तसं मी पहिल्या एसटीनं आले. दादांच्या हॉस्पिटलातली तुमची खोली थंड, पडदे लावलेले. भिंतीवर साहेबांच्या पाटीसारखीच पाटी, पण इंग्रजीत आणि चकचकीत. तुम्हाला सांभाळायला एजन्सीकडून ठेवलेली मुलगी तुम्हाला कुशीवर घेऊन कमरेवर पावडर रगडत होती. मी म्हटलं, "बाई, तिथं नको चोळू." ती म्हणाली, "मावशी, सरांच्या आई आहेत. नीट मसाज करा म्हणून सांगितलंय मला." खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकवलेला. दुपारचे बारा वाजले होते. खुणा रात्री आठपर्यंत भरलेल्या होत्या. एकाच पेनानं.

तुम्हाला बोलता येत नव्हतं. उजवा हात गेलेला. डाव्या हाताचं एक बोट तुम्ही खाटेच्या दांडीवर आपटत होता. मी समजले. त्या मुलीला घेऊन तुम्हाला दुसऱ्या कुशीवर केलं. माकडहाडावर लाल चट्टा. मी बोटानं दाबला. लालीच राहिली. तुम्ही माझ्याकडं बघत होता, मी तुमच्याकडं.

तेवढ्यात दादा आले, मागं चार जण. "अरे मावशी! कधी आलात? जेवलात का?"

"दादा, पाठ..."

"काळजी करू नका. एअर बेड आहे. दर दोन तासांनी कूस बदलतात. हे बघा." त्यांनी तक्ता काढून माझ्यासमोर धरला. चौथी पास बाईला अक्षरं दिसावीत म्हणून जरा जवळ धरला. चादर उचलली नाही. स्वतःच्या आईच्या पाठीवरची चादर, हातभर अंतरावरची. उत्तर क होतं.

मी काय म्हणाले असेन ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ऐकलंत.

"बरं."

चार लोक उभे होते, थंडगार खोली, माझ्या पायातल्या चपला बाहेर काढलेल्या. मला एवढंच म्हणायचं होतं, "दादा, चादर उचला." तीन शब्द. नाही निघाले. दुसऱ्यांदा आले तेव्हा भेटायची वेळ संपली म्हणून वॉचमननं खालूनच परत पाठवलं, आणि मी परत गेले. एका बाईची पाठ वाचवायला मी एकदा खोटं लिहिलं होतं. तुमच्या पाठीसाठी मला खरं बोलता आलं नाही.

या साऱ्यांना मी हसते, सिस्टर. मोठे साहेब छापील कागदाशिवाय मानत नाहीत. सिस्टर लोकांना हुकूम लागतो, आणि हुकूम आला की त्या माणसाऐवजी तक्ता सांभाळतात. आयांना आशीर्वाद लागतो. तुमच्या लेकाला तर काही पटवून द्यायची गरजच नाही, त्याला सगळं आधीच पाठ आहे. पण परवा मोरीत ती पट्टी काढली तेव्हापासून मी त्यांना हसू लागले की मधेच थांबते. त्यांना दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं.

आज सकाळी वही उघडली. महिन्याअखेरी तुम्ही मोजलं होतं त्या पानावर खाली जागा होती. निळ्या पेनानं दोन ओळी लिहिल्या, तुम्ही शिकवल्या तशा, सुटी अक्षरं काढून.

'काशीबाई. खिडकीकडची रांग, तिसरी खाट. चोळलं: हो. मधले दोन दिवस नाही, त्या दोन्ही दिवसांच्या खुणा अनसाबाईनं खोट्या केल्या. पाठ उघडली. वारल्या.'

'निर्मला सिस्टर. नांदेड. चोळलं: हो. कूस बदलली: तक्त्यावर खूण आहे. अनसाबाईनं पाहिलं तेव्हा दुपारचे बारा होते, खूण रात्री आठची होती. चट्टा लाल होता. अनसाबाईनं सांगितलं का: फुली. पाठ उघडली. वारल्या.'

तुम्ही असता तर म्हणाला असता की ही ओळ या वहीत बसत नाही, हा महिना वेगळा, ही रांग वेगळी. भांडा. मी ऐकून घेईन. पण खोडू देणार नाही.

वही पिशवीत ठेवली आहे. रविवारी पहिल्या गाडीनं येते. साहेब तुमच्यावर बोलायला उठतील, चष्मा लावतील, हात पुढं करतील. तेव्हा मी वही याच पानावर उघडून त्यांच्या हातात देईन. मला चारचौघांत बोलता येत नाही. त्यांना मोठ्यानं वाचता येतं.

तुमची
अनसा